गरम झाली की बंद, गार झाली की सुरू: पद्मिनीने सहा महिने कसं नाचवलं

सकाळी पहिल्या सेल्फला सुरू. इंदिरानगरातून द्वारका, तिथून पंचवटी, पुढे दिंडोरी रोड, सगळं छान. मग कधीतरी एक झटका बसतो आणि गाडी चालता चालता गप्प होते. सेल्फ व्यवस्थित फिरतो, बॅटरी ठणठणीत, पण इंजिन काही पकडत नाही. बॉनेट उघडून उभं राहायचं. येणारे-जाणारे दोन सल्ले देतात, एखादा फोटो काढतो. अर्ध्या तासाने, काहीही न करता, चावी फिरवली की सुरू. गॅरेजमध्ये नेईपर्यंत ती गार झालेली असते आणि तिथे शहाण्या मुलासारखी वागते.

माझी गाडी १९८४ची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, स्टिअरिंगजवळचा गिअर. वडिलांची. अकरा वर्षं पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली होती. पण हे लिहितोय ते अँबेसेडर, कार्बोरेटरची मारुती ८०० किंवा जुनी ओम्नी घरी दुरुस्त करणाऱ्यांनाही लागू पडेल, कारण रोग गाडीचा नाही, पॉइंट-कॉइलच्या आणि कार्बोरेटरच्या जमान्याचा आहे. (कॉइल प्लगच्या ठिणगीसाठी जोराचा करंट बनवते, पॉइंट तिचा करंट जोडतात-तोडतात, आणि कार्बोरेटर हवेत पेट्रोल मिसळतो.)

आधी मी काय काय बदललं ते सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. एसी पंप, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणारा इंजिनवरचा पंप, नवा. कार्बोरेटरचं किट. प्लग. फिल्टर दोनदा. टाकी उतरवून साफ केली. प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस गाडी नीट चालायची, मला वाटायचं जमलं, आणि मग पुन्हा कुठेतरी रस्त्यात. भद्रकालीपासून सातपूरपर्यंत ज्याला विचारावं त्याचं एकच उत्तर: ‘व्हेपर लॉक. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे ना, त्यामुळे.’ व्हेपर लॉक म्हणजे तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होऊन पेट्रोल पुढे न सरकणं. हल्ली गाडीला काहीही झालं की इथेनॉलचं नाव घ्यायचं, जशी पूर्वी गावात भानामती असायची. इथेनॉलचा वाटा आहे, त्याकडे येतो, पण माझ्या गाडीत तो पहिला गुन्हेगार नव्हता.

अडचण अशी की ‘गरम झाल्यावर बंद, गार झाल्यावर सुरू’ या एकाच लक्षणामागे दोन अगदी वेगळे रोग असतात. एकात पेट्रोल पोचत नाही. दुसऱ्यात करंट येत नाही. आणि दोन्ही आपोआप बरे होतात. म्हणजे पुरावा जेमतेम दहा-पंधरा मिनिटं टिकतो. त्या वेळात आपण काय करतो? सेल्फ मारत बसतो, भावाला फोन करतो, सावली शोधतो. पुरावा गार होऊन जातो आणि मग घरी बसून अंदाजाने पार्ट बदलायचे.

मी तर याहून मोठा गाढवपणा केला होता. मुंबई नाक्याच्या सिग्नलला गाडी बंद पडली, मागून हॉर्नचा कल्लोळ. घाटात टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं टाकायचे हे ऐकलेलं, म्हणून पाण्याची अख्खी बाटली एसी पंपावर, नळीवर, कॉइलवर, जिथे पोचेल तिथे ओतली. पाच मिनिटांत गाडी सुरू झाली. ‘बघ, व्हेपर लॉकच,’ असं मी स्वतःला ठणकावून सांगितलं. पाणी चार ठिकाणी ओतल्यावर कुठल्या ठिकाणचा गुण आला हे कसं कळणार? पण त्या एका बाटलीवर मी पुढचे तीन महिने पंप आणि नळ्या बदलत राहिलो. उकळत्या इंजिनवर गार पाणी ओतणं तसंही चूकच, ओतीव लोखंडाला तडा जाऊ शकतो.

शेवटी छडा लागला तो वणीच्या रस्त्यावर. नाशिकहून सप्तशृंगी गडावर निघालो होतो. दिंडोरीत चहाला थांबलो, तिथून निघालो आणि ओझरखेड धरणाच्या अलीकडे, दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, गाडीने मान टाकली. या वेळी तयारी होती. डिकीत एक जुना पण चांगला प्लग, जाड वायरचा दोन टोकांना चिमटे असलेला तुकडा आणि टॉर्च.

आधी करंट. क्रम महत्त्वाचा आहे, कारण ठिणगीची चाचणी होईपर्यंत पेट्रोलची कुठलीही नळी उघडायची नाही आणि एअर क्लिनरचं झाकण काढायचं नाही. डिलकोच्या (प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या) मधली, कॉइलकडून येणारी जाड वायर उपसली, तिच्यात तो प्लग खोचला, प्लगच्या धातूच्या अंगाला चिमटा लावून दुसरं टोक इंजिनच्या उघड्या लोखंडाला. प्लग कार्बोरेटरपासून दूर, दिसेल असा ठेवला. हातात धरायचा नाही, झटका सणसणीत बसतो. बायकोने सेल्फ मारला. मी टॉर्च बंद करून, सावली करून बघत होतो. काहीही नाही. निळं नाही, पिवळं नाही. सेल्फ फिरतोय आणि प्लग मेलेला.

मग पेट्रोल. चावी बंद, एअर क्लिनर काढला, कार्बोरेटरच्या गळ्यात टॉर्च मारला आणि थ्रॉटलची दांडी हाताने एकदा झटक्यात ओढली. आत पेट्रोलची बारीक, स्वच्छ धार उडाली. म्हणजे फ्लोट चेंबर, कार्बोरेटरमधली पेट्रोलची छोटी टाकी, भरलेलं आहे. त्या क्षणी तीन महिन्यांचं व्हेपर लॉक संपलं.

मग कॉइलवर हात ठेवला आणि लगेच काढला. कॉइल चालताना कोमट, फार तर गरम असते. हात ठेवता येत नाही इतकी तापली तर काहीतरी चुकतंय. नॅपकिन ओला केला आणि या वेळी फक्त कॉइलला गुंडाळला. पंपाला थेंबही लागू दिला नाही. दहा मिनिटांनी प्लगवर केविलवाणी पिवळी ठिणगी, आणखी पाच मिनिटांनी कडक निळी, चट् चट् आवाज करणारी. तसेच वणीपर्यंत गेलो, गडाचा बेत रद्द केला, आणि परत आलो.

गोष्ट इथे संपायला हवी होती. नवी कॉइल घेतली, बसवली, वीस दिवस मजेत. एकविसाव्या दिवशी त्र्यंबक रोडला पुन्हा तेच.

आमच्या शेजारी एक काका राहतात, मायकोतून (आताच्या बॉशमधून) रिटायर झालेले. आयुष्य इंजेक्टरच्या नॉझलमध्ये गेलं, मायक्रॉनच्या खाली त्यांना बोलता येत नाही. ते संध्याकाळी खाली आले आणि मला म्हणाले, ‘अरे, पार्ट नको बदलूस, आधी तो मोजून दाखव मला.’

कॉइलच्या दोन्ही बारीक वायरी काढल्या, मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवला. काकांनी आधी मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवून बघितली, ०.३ आलं, म्हणजे तेवढं वजा करायचं. मग कॉइलच्या दोन छोट्या टर्मिनलांवर टेकवली. १.८. म्हणजे खरा आकडा दीड ओहम.

‘आणि रेझिस्टर कुठे आहे?’
‘कसला रेझिस्टर?’
काका हसले. ‘तिथेच घोळ आहे.’

बारा व्होल्टच्या गाड्यांसाठी दोन तऱ्हेच्या कॉइल मिळतात आणि वरून दोन्ही सारख्याच दिसतात. एक साधारण तीन ओहमची, थेट बॅटरीच्या पूर्ण व्होल्टेजवर चालणारी. दुसरी दीड ओहमची, जिच्या वाटेत करंट कमी करणारा वेगळा बॅलास्ट रेझिस्टर, किंवा वायरिंगमध्येच लपलेली रेझिस्टन्सची तार असावी लागते. माझ्या गाडीत असं काही नव्हतं आणि दुकानात ‘सगळ्यांना हीच बसते’ म्हणून दीडवाली दिली गेली. दोन्ही वेळा. हिशोब सोपा आहे: १२ भागिले ३, चार अँपिअर. १२ भागिले १.५, आठ अँपिअर. पॉइंट जुळलेले असताना पाण्याच्या पेल्याएवढ्या त्या डब्यात जवळपास १०० वॉट. जुना १०० वॉटचा पिवळा बल्ब आठवा आणि त्याला चारी बाजूंनी बंद डब्यात कोंबा. त्यात मी हौसेने डायनामो काढून अल्टरनेटर बसवलेला, म्हणजे चालू गाडीत १२ नाही, १४ व्होल्ट.

तरीही काकांचं समाधान होईना. ‘इंजिन चालू असताना पॉइंट उघडझाप करतात, करंट सतत वाहत नाही. एवढी कशी भाजली? थांबल्यावर काय करतोस तू?’
‘काही नाही. पाच मिनिटं चावी चालू ठेवतो.’
‘चावी कशाला?’
‘फॅन फिरावा म्हणून. इंजिन गार होतं.’
काका माझ्याकडे बघतच राहिले. ‘पाण्याचा पंप कशावर चालतो रे?’
‘पट्ट्यावर.’
‘इंजिन बंद म्हणजे पट्टा बंद. मग पाणी कोण फिरवतं? तू रेडिएटर गार करत होतास, इंजिन नाही. आणि इकडे कॉइल तळत होतास.’

झालं होतं असं की पट्ट्यावरचा लोखंडी पंखा काढून मी मारुतीचा इलेक्ट्रिक फॅन लावला होता, आणि त्याची वायर सोयीची म्हणून इग्निशनच्या लाइनवरून घेतली होती. त्यामुळे गाडी बंद केल्यावर फॅन फिरवायचा तर चावी चालू ठेवावी लागे. चार सिलिंडरच्या डिलकोत पॉइंट फिरण्याच्या सुमारे दोन तृतीयांश वेळ जुळलेले असतात, म्हणजे इंजिन थांबताना ते जुळलेले राहण्याची शक्यताच जास्त. तसे राहिले की कॉइलमधून आठ अँपिअर अखंड, न उघडता, न थांबता. दिंडोरीचा चहा आठवा. मुंबई नाक्याच्या आधी द्वारकेला भाजी घ्यायला थांबलो होतो. त्र्यंबक रोडच्या आधी पेपरचं दुकान. गाडी प्रत्येक वेळी थांब्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनीच बंद पडत होती आणि माझ्या डोक्यात ‘लांब पल्ला, ऊन, इथेनॉल’ इतकंच फिरत होतं. गाडी गार ठेवायच्या नादात तिला रोज भाजणारा मीच होतो.

तुमच्या गाडीला कुठली कॉइल लागते हे दुकानदाराला विचारू नका, गाडीला विचारा. पॉइंट जुळतील असं इंजिन हाताने फिरवून ठेवा, चावी चालू करा आणि कॉइलच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. बॅटरीच्या जवळपास, साडेअकरा-बारा दिसलं तर वाटेत रेझिस्टर नाही, तीन ओहमचीच कॉइल हवी. सहा-आठच्या आसपास असेल तर बॅलास्ट आहे, दीडवाली चालेल. दहा सेकंदांत मोजा आणि चावी बंद करा, नाहीतर माझंच होईल. आणि गरम कॉइल मोजली तर आकडा थोडा वाढलेला दिसतो, त्याला घाबरू नका; तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो, तीनचे साडेतीन होणं स्वाभाविक आहे.

फॅन आता रिलेवरून बॅटरीला थेट जोडला आहे, स्वतःच्या २० अँपिअरच्या फ्यूजसह, आणि रेडिएटरमधल्या थर्मोस्टॅट स्विचवर. चावी बंद करून उतरलो तरी हवं तर तो दोन मिनिटं फिरतो. त्याने पाणी फारसं गार होत नसेल, पण बॉनेटखालची कोंडलेली हवा बाहेर पडते, आणि त्याचा उपयोग पुढे झाला.

कॉइलसोबत पॉइंट आणि कंडेन्सरही (पॉइंटवर उडणारी ठिणगी दाबणारा छोटा डबा) उघडून बघा. जास्त करंटने माझे पॉइंट निळे-काळे पडले होते, एकावर टेंगूळ आणि दुसऱ्यावर खड्डा. कंडेन्सर हाही गरम झाल्यावर दगा देणाराच प्राणी, आणि नवा आहे म्हणून चांगला असं अजिबात समजू नका. चालत्या गाडीतून काढलेला जुना कंडेन्सर कधी फेकू नका, डिकीत ठेवा. डिलकोच्या आत पॉइंटला जाणारी बोटभर लांबीची वायर असते, तीही वरून धडधाकट आणि आतून तुटलेली निघू शकते. ओढून बघा, रबरासारखी ताणली गेली तर आतली तार गेलेली आहे.

तीन ओहमची कॉइल बसली आणि दोन महिने निर्धास्त गेले. मग एप्रिल आला. नाशिकचा पारा चाळिशीच्या घरात, आणि गंगापूर रोडच्या संध्याकाळच्या गर्दीत गाडी पुन्हा अडखळली. पण या वेळी वेगळी. झटक्यात गप्प नाही झाली. आधी मिसिंग मारायला लागली, रेस दिली तर घुसमटली, थोडी सावरली, परत घुसमटली, मग थांबली. तीच चाचणी, तोच क्रम. ठिणगी कडक निळी. कार्बोरेटरच्या गळ्यात थ्रॉटल ओढला तर धार नाही, कोरडा. हे खरंखुरं व्हेपर लॉक, म्हणजे नळीत पेट्रोलची वाफ आणि पंप वाफच ढकलत बसलेला.

यातही हात माझाच. एसी पंप नवा बसवताना पंप आणि ब्लॉकच्या मध्ये असलेला जाड इन्शुलेटरचा तुकडा तडकलेला निघाला, तो मिळेना, म्हणून मी पातळ गॅस्केट कापून काम भागवलं होतं. तो तुकडा दोन कामं करतो. ब्लॉकची उष्णता पंपात येऊ देत नाही, आणि पंपाची दांडी कॅमवर (इंजिनमधल्या, ती हलवणाऱ्या फिरत्या उंचवट्यावर) किती दाबली जाणार हे त्याच्या जाडीवर ठरतं. जाडी बदलली की पंपाचा ठोका बदलतो. अंबडच्या एका लेथवाल्याकडून फायबरच्या पट्टीचा, जुन्याच्या मापाचा करून घेतला. कार्बोरेटरच्या खालचा तसाच तुकडाही बघून घ्या, हौशी दुरुस्तीत तो पुष्कळदा गायब असतो.

दुसरं म्हणजे मी बॉनेटखाली शोभेसाठी लावलेला पारदर्शक फिल्टर. पेट्रोल दिसतं म्हणून छान वाटतं, पण तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून, म्हणजे इंजिनचा तापलेला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांपासून, वीतभर अंतरावर होता. तो आता मागे, टाकीजवळ. नळीचा मार्ग बदलला, मध्ये पत्र्याचा आडोसा लावला.

आता इथेनॉल. पेट्रोलचे हलके घटक पस्तीस-चाळीस अंशांनाच उकळायला लागतात, इथेनॉल ७८ला. तापलेल्या बॉनेटखाली दोघांचीही वाफ होऊ शकते, एकट्या इथेनॉलला दोष देता येत नाही. त्याचा खरा त्रास जुन्या रबराला होतो. पानेवाडीच्या डेपोतून आपल्या पंपांवर येणारं पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं आहे, आणि १९८४च्या जमान्यातल्या रबराने ते स्वप्नातही पाहिलेलं नव्हतं. माझ्या टाकीकडच्या नळीचा तुकडा उभा चिरला तर आतलं अस्तर काळ्या सालपटांसारखं सुटलेलं, बोटाला चिकटणारं. शिवाय टाकीतला वर्षानुवर्षांचा थर सुटतो आणि फिल्टरमध्ये येऊन बसतो, म्हणून टाकी साफ केल्यावरचे पहिले दोन फिल्टर लवकर बदला. नळी घेताना एसएई जे ३० आर ९ असा शिक्का बघून घ्या, इथेनॉल सोसणारी असते. क्लिपही दातेरी पट्टीच्या नकोत, गोल कडांच्या घ्या.

एक गोष्ट लक्षात येत नाही म्हणून सांगतो. टाकीपासून पंपापर्यंतची नळी ओढली जाणारी बाजू आहे. तिथे चीर असेल तर पेट्रोल गळत नाही, हवा आत जाते. जमिनीवर डाग नाही, वास नाही, आणि पंप हवा पितोय. चीर दिसत नाही म्हणून नळी चांगली असं समजू नका. चाळीस वर्षांची असेल तर बदलूनच टाका. आणि गाडी अशी घुसमटली की टाकीचं झाकण उघडून बघा. फुस्स करून हवा आत ओढली गेली तर झाकणाचा किंवा टाकीचा श्वास कोंडलाय. दोन मिनिटांचं काम आहे, आणि कुलूपवालं नवं झाकण लावलेल्या गाड्यांत हे सर्रास निघतं.

इथेनॉलमुळे मिश्रण थोडं पातळही पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, म्हणून मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर मोठा टाकला. प्लगचा पांढुरका रंग जाऊन बिस्किटासारखा आला. ॲव्हरेज थोडं कमी झालं, ते तसंही होणारच होतं, इथेनॉलमध्ये ऊर्जाच कमी असते.

मे महिन्यात भर दुपारी गडावर जाऊन आलो. नांदुरीहून वरचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये, तापमानाचा काटा मध्यापासून जरा वर, काका शेजारी बसून कॉइलला हात लावायला दर वळणावर गाडी थांबवायला सांगत होते. दोनदा थांबलो. एक कुरकुर शिल्लक आहे. उन्हात दहा मिनिटं उभी केली आणि परत निघालो की सेल्फ जास्त खाते, कारण फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळून आत सांडलेलं असतं आणि इंजिन ओलं झालेलं असतं. तेव्हा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून तसाच धरायचा, पंपासारखा मारायचा नाही, आणि सेल्फ द्यायचा. सहा-सात सेकंद घेते, थोडा काळा धूर सोडते आणि सुरू होते.